व्हिएतनाममधील वंचित मुले : शिक्षणाला मिळणारा आधार आणि त्याच्या मर्यादा

५ सप्टेंबर हा भारतात शिक्षकदिन. व्हिएतनाममध्ये याच दिवशी नवे शालेय वर्ष समारंभपूर्वक सुरू होते. शाळेच्या प्रांगणात मोठा ढोल वाजवला जातो आणि पांढरे सदरे, गळ्यात लाल रुमाल अशा वेशातील मुले रांगा धरून उभी राहतात. हनोई किंवा हो ची मिन्ह शहरातील मध्यमवर्गीय मुलासाठी हा उत्सव असतो. उत्तरेकडील डोंगराळ भागात नववीत बसलेल्या गरीब मुलीसाठी मात्र तो एक प्रश्न असतो. पुढच्या वर्षीच्या ढोलाला ती रांगेत असेल, की शेतावर, कारखान्यात किंवा लग्न होऊन सासरी गेलेली असेल? व्हिएतनाममधील बालसाहाय्याच्या बहुतेक योजनांना अखेर याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

प्रगती आणि मागे राहिलेले

शिक्षणाविषयीचा आदर व्हिएतनामी समाजात जुना आहे. हनोईतील 'साहित्य मंदिर' १०७० मध्ये स्थापन झाले. तेथे कासवांच्या पाठीवर उभारलेल्या ८२ शिलालेखांवर १४४२ ते १७७९ या काळातील राजपरीक्षांत यशस्वी झालेल्या विद्वानांची नावे कोरलेली आहेत. मात्र हे ज्ञान मूठभरांचे होते. १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक जनता निरक्षर होती. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत हो ची मिन्ह यांच्या सरकारने साक्षरता मोहिमेचा आदेश काढला.

ही साक्षरता रोमन लिपीतील व्हिएतनामी भाषेची होती. त्या लिपीच्या घडणीत सतराव्या शतकातील फ्रान्सिस्को द पिना आणि अलेक्झांडर द रोड्स या जेझुइट मिशनऱ्यांचा वाटा आहे. रोड्स यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. पूर्वेकडे जाताना रोड्स यांचा काही काळ गोव्यात मुक्काम झाला होता, ही गोमंतकीय वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब.

१९८६ च्या डिसेंबरमध्ये स्वीकारलेल्या 'दोई मोई' या आर्थिक सुधारणांनंतर देशाचे चित्र पालटले. जागतिक बँकेच्या नोंदीनुसार २००२ ते २०१८ या काळात साडेचार कोटींहून अधिक लोक दारिद्र्यातून बाहेर पडले. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी गणितात ५११ आणि विज्ञानात ५२८ गुण मिळवून अनेक श्रीमंत देशांना मागे टाकले. या यशाला एक मर्यादा होती. चाचणी शाळेत असलेल्या मुलांची होती, आणि त्या वयापर्यंत शाळा सोडून गेलेली मुले तिच्या कक्षेत येतच नव्हती.

ही मुले कोण, हे लोकसंख्येच्या रचनेवरून कळते. देशाची लोकसंख्या २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली. अधिकृत मान्यता असलेले ५४ वांशिक समूह असून त्यांतील किन्ह समाज सुमारे ८५ टक्के आहे. उर्वरित पंधरा टक्क्यांत ह्मोंग, दाओ, ताय, थाई, ख्मेर, एडे, जराई इत्यादी समाज येतात. तथापि, जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार, उरलेल्या गरिबांपैकी सुमारे ८६ टक्के लोक याच अल्पसंख्य समाजांतील होते. उत्तरेकडील लाई चाऊ, दिएन बिएन, सोन ला आणि पूर्वीचा हा जांग हे डोंगराळ प्रांत, मध्य पठार व मेकाँग त्रिभुज प्रदेशातील ख्मेर वस्त्या येथे हे दारिद्र्य एकवटले आहे. ह्मोंग मुलाला पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवल्यावर प्रथमच व्हिएतनामी भाषेतून शिकावे लागते, ही अडचण पैशाइतकीच मोठी आहे.

शुल्क माफ झाले, खर्च उरला

व्हिएतनाममधील शालेय शिक्षणाचे तीन टप्पे आहेत : पाच वर्षे प्राथमिक, चार वर्षे निम्न माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक. प्राथमिक शिक्षण सरकारी शाळांत निःशुल्क व सक्तीचे आहे. १९८९ पासून पुढील टप्प्यांसाठी शुल्क घेतले जाऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये राष्ट्रीय सभेने ठराव संमत केला आणि २०२५-२६ या शालेय वर्षापासून बालवाडी ते बारावीपर्यंत सर्व सरकारी शाळांचे शुल्क रद्द झाले. हा निर्णय ऐतिहासिक म्हणावा असाच आहे.

परंतु शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग होता. गणवेश, वह्या-पुस्तके, विद्यार्थ्यांचा सक्तीचा आरोग्य विमा, पालकनिधी, दुपारचे जेवण आणि दूरच्या शाळेपर्यंतचा प्रवास हे भार कायम आहेत. शहरांत खासगी शिकवण्यांचा खर्च वेगळा. शिक्षकांनी आपल्याच वर्गातील मुलांकडून पैसे घेऊन शिकवण्या घेऊ नयेत, असा नियम फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला आहे. दहावीच्या प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा असते आणि मोठ्या शहरांत सरकारी जागा सर्वांना पुरत नाहीत. शिकवणी न परवडणारे मूल या टप्प्यावर मागे पडते.

त्याहून मोठा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांचे मूल घरी राहिले तर भाताच्या लावणीला दोन हात मिळतात, आणि औद्योगिक वसाहतीत गेले तर घरी पगार येतो. शाळेत राहिले तर ही कमाई बुडते. म्हणूनच गळती प्राथमिक शाळेत कमी आणि नववीच्या आगेमागे अधिक दिसते.

शासनाची मदत कुठवर पोहोचते

बालहक्क संहितेला १९९० मध्ये मान्यता देणारा व्हिएतनाम हा आशियातील पहिला देश. २०१६ च्या बालक कायद्यात मात्र बालकाची वयोमर्यादा १६ वर्षे आहे, तर संहितेत ती १८ आहे. उच्च माध्यमिक शाळेत जाण्याचे वय नेमके या दोन वर्षांत येते, त्यामुळे गरज सर्वाधिक असते तेव्हा बालक म्हणून मिळणारे कायद्याचे छत्र विरळ होते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली १११ क्रमांकाची बालसंरक्षण दूरध्वनी सेवा देशभर उपलब्ध आहे.

दोन्ही पालक गमावलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलांना मासिक साहाय्य मिळते. त्याची मूळ रक्कम २०२१ मध्ये ३ लाख ६० हजार डाँग होती. ती जुलै २०२४ पासून ५ लाख डाँग, म्हणजे साधारण सोळा-सतराशे रुपये झाली. चार वर्षांखालील मुलांना तिच्या अडीचपट आणि त्यापुढील मुलांना दीडपट रक्कम दिली जाते. शिक्षण सुरू असल्यास हे साहाय्य कमाल २२ व्या वर्षापर्यंत मिळू शकते.

डोंगराळ भागात निवासी व अर्धनिवासी शाळांची व्यवस्था आहे. अर्धनिवासी शाळेतील पात्र मुले आठवडाभर शाळेत राहतात व शनिवार-रविवारी घरी जातात. त्यांना भोजनभत्त्याबरोबर शालेय वर्षातील नऊ महिने दरमहा १५ किलो तांदूळ देण्याची तरतूद आहे. मात्र ही पात्रता मुलाच्या घरापेक्षा त्याच्या गावाच्या वर्गवारीवर अधिक अवलंबून असते. २०२१ मध्ये नवी वर्गवारी जाहीर झाली आणि अनेक गावे 'अतिदुर्गम' यादीतून वगळली गेली. कागदावर गाव सुधारले, त्याबरोबर तेथील मुलांचा तांदूळ बंद झाला. घरातील परिस्थिती मात्र होती तशीच राहिली. खासगी मदतीची गरज अशाच फटींतून निर्माण होते.

प्रायोजकत्वाची पूर्वपीठिका

दूरदेशीच्या एका व्यक्तीने एका ठरावीक मुलाच्या खर्चाचा भार उचलावा, ही कल्पना युद्धांतून जन्मली. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ मध्ये, ब्रिटिश पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस यांनी निराधार मुलांसाठी पालक-योजना सुरू केली. आजची 'प्लॅन इंटरनॅशनल' ही संस्था तिच्यातूनच वाढली. कोरियन युद्धानंतर 'वर्ल्ड व्हिजन'ने हीच पद्धत अवलंबिली. मराठी समाजाला या कल्पनेचा गाभा परका नाही. गरीब विद्यार्थ्याला 'वार' लावून जेवू घालण्याची प्रथा आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांची वसतिगृहे हे त्याचेच देशी आविष्कार होत.

'दत्तक-पालक' हा शब्द रूढ असला, तरी प्रायोजकत्व म्हणजे कायदेशीर दत्तकविधान नव्हे. मूल आपल्या कुटुंबात, आपल्या गावातच राहते. व्हिएतनामच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगॉन पडण्यापूर्वी 'ऑपरेशन बेबीलिफ्ट' या मोहिमेत अडीच हजारांहून अधिक मुले विमानांनी परदेशी नेण्यात आली. ४ एप्रिलला या मोहिमेचे पहिलेच विमान कोसळून अनेक मुले मृत्युमुखी पडली. नेलेल्या मुलांपैकी सर्वच अनाथ नव्हती, हा वाद पुढे अमेरिकी न्यायालयात गेला. नंतरच्या काळातही दत्तकप्रक्रियेतील गैरप्रकारांच्या आरोपांमुळे अमेरिका व व्हिएतनाम यांच्यातील करार २००८ मध्ये संपुष्टात आला. व्हिएतनामने २०१० मध्ये नवा दत्तक कायदा केला आणि २०१२ पासून हेग करार तेथे लागू झाला. मुलाला देशाबाहेर नेण्यापेक्षा त्याला घरीच आधार देणे श्रेयस्कर, हा विचार या अनुभवांतून बळावला.

कार्यरत संस्था

'दोई मोई'नंतर परदेशी संस्थांना दारे खुली झाली. डब्लिनमध्ये हलाखीचे बालपण काढलेल्या क्रिस्टिना नोबल १९८९ मध्ये हो ची मिन्ह शहरात आल्या. त्यांच्या नावाची संस्था आजही मुलांच्या वैद्यकीय सेवेबरोबर शिक्षणाचे प्रायोजकत्व चालवते. ब्रिटनमध्ये नोंदलेली 'सायगॉन चिल्ड्रन्स चॅरिटी' १९९२ पासून शिष्यवृत्त्या देते आणि ग्रामीण भागात शाळाखोल्या बांधते. 'प्लॅन' १९९३ पासून तेथे काम करत आहे. 'एसओएस बालग्रामां'चा इतिहास १९६७ पर्यंत मागे जातो.

रस्त्यावरील मुलांना तेथे 'बुई दोई', म्हणजे 'जीवनाची धूळ', असे म्हटले जाई. हनोईत बूटपॉलिश करणाऱ्या अशाच मुलांबरोबर ऑस्ट्रेलियन शिक्षक मायकल ब्रोसोव्स्की यांनी या शतकाच्या आरंभी काम सुरू केले आणि त्यातून 'ब्लू ड्रॅगन' ही संस्था उभी राहिली. मुलांना शाळेत परत आणणे, जन्मनोंदीची कागदपत्रे मिळवून देणे आणि मानवी तस्करीतून सोडवणे अशी तिची कामे आहेत. व्हिएतनाममध्ये जन्मलेले व ऑस्ट्रेलियात वाढलेले जिमी फाम यांनी १९९९ मध्ये हनोईत 'कोटो' हा प्रशिक्षण-उपाहारगृहाचा उपक्रम सुरू केला. शाळेचे वय निसटलेल्या तरुणांना तेथे स्वयंपाक, आतिथ्यसेवा आणि इंग्रजी शिकवले जाते.

हे सारे काम परदेशी मदतीवरच चालते असा समज करून घेणे चूक ठरेल. १९९६ मध्ये स्थापन झालेली शिक्षण प्रोत्साहन संघटना गावोगावी शिष्यवृत्तीनिधी चालवते. एकाच कुळातील लोक आपापसांत वर्गणी काढून हुशार मुलांना शिकवतात, ही प्रथाही जुनी आहे. २०११ मध्ये पत्रकार त्रान डांग तुआन यांना डोंगरावरील शाळेत मुले कोरडा भात खाताना दिसली. 'मांस असलेला भात' या साध्या नावाची मोहीम त्यातून सुरू झाली आणि हजारो शहरी व्हिएतनामी लोकांनी तिला पैसे दिले. कोविडच्या २०२१ मधील लाटेत एकट्या हो ची मिन्ह शहरात दोन हजारांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा दोघेही गमावले. त्यानंतर 'एफपीटी' या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने दा नांग येथे अशा मुलांसाठी निवासी शाळा उभारली.

योजना प्रत्यक्षात कशी चालते

बहुतेक योजनांचा क्रम सारखा असतो. स्थानिक प्रशासनाकडे 'गरीब' व 'गरिबीच्या सीमेवरील' कुटुंबांची यादी असते. वर्गशिक्षक त्यातून, आणि कधी यादीबाहेरूनही, मुलांची नावे सुचवतात. संस्थेचे कार्यकर्ते घरी जाऊन परिस्थिती पाहतात. निवड झाल्यावर सत्रागणिक शिष्यवृत्ती मिळते. ती रोख असते किंवा पुस्तके, गणवेश, विमा, तांदूळ अशा वस्तुरूपाने येते. मेकाँगच्या कालव्यांच्या प्रदेशात, जेथे शाळा कित्येक किलोमीटर दूर असते, तेथे एक सायकल अनेकदा शिष्यवृत्तीइतकीच मोलाची ठरते. वर्षातून एक-दोनदा प्रगतिपत्रक व मुलाचे पत्र प्रायोजकाला पाठवले जाते.

परदेशी संस्थेला व्हिएतनाममध्ये काम करण्यासाठी शासनाकडे नोंदणी करावी लागते आणि स्थानिक प्रशासनाच्या सहकार्याशिवाय गावात पाऊल टाकता येत नाही. १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ प्रांत झाले आणि जिल्हा ही पातळीच रद्द झाली. त्यापूर्वी, मार्च २०२५ मध्ये, बालकांचा विषय कामगार मंत्रालयाकडून आरोग्य मंत्रालयाकडे गेला होता. संस्थांना वर्षानुवर्षे ओळखीची असलेली कार्यालये आणि पत्ते त्यामुळे बदलले.

उपयोग होतो का?

प्रायोजकत्वाच्या परिणामांविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज यांचा आहे. तो २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त प्रसिद्ध झाला. 'कम्पॅशन' या संस्थेच्या सहा देशांतील योजनांत लहानपणी सामील झालेल्या व न झालेल्या मिळून १०,१४४ प्रौढांची माहिती त्यात तपासली गेली. या सहा देशांत भारत होता, व्हिएतनाम नव्हता. प्रायोजित मुलांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने अधिक झाले, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि त्यांना चांगल्या नोकऱ्या मिळण्याची शक्यताही वाढली, असे निष्पन्न झाले. या फरकामागे पैशाइतकाच मुलांच्या आकांक्षा उंचावण्याचा भाग असावा, असेही संशोधकांना आढळले. आपण शिकावे असे कुणाला तरी वाटते, ही जाणीव मुलाला धरून ठेवते.

एका संस्थेच्या योजनांवरील हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावता येणार नाही. तरीही व्हिएतनामच्या संदर्भात एक गोष्ट त्यातून उमगते. जेथे प्राथमिक शाळेत जवळपास सर्वच मुले जातात, तेथे पहिलीतील मुलाला दिलेल्या मदतीपेक्षा नववी ते बारावी या काळात टिकवलेली मदत अधिक परिणाम करू शकते.

धोके आणि आक्षेप

या पद्धतीवर टीकाही झाली आहे. 'शिकागो ट्रिब्यून'ने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत काही नामांकित संस्थांच्या प्रायोजित मुलांपर्यंत मदत नीट पोहोचत नसल्याचे, काही मुले तर मरण पावूनही त्यांच्या नावे पैसे घेतले जात असल्याचे उघड झाले. त्यानंतर अनेक मोठ्या संस्थांनी एका मुलाच्या हाती पैसे देण्याऐवजी संपूर्ण गावाच्या शाळा, पाणी व आरोग्यावर खर्च करण्याचा मार्ग अधिक ठळकपणे सांगण्यास सुरुवात केली. एकाच वर्गात एका मुलाला सायकल मिळते आणि शेजारच्याला मिळत नाही, यातून निर्माण होणारी असूया हेही या बदलाचे एक कारण होते.

दुसरा धोका अनाथालयांचा. अनाथालयांतील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि गरिबीमुळेच त्यांना तेथे ठेवलेले असते. देणगी जर संस्थेतील मुलांच्या संख्येवर मिळत असेल, तर मुले घरी पाठवण्यात संस्थेला स्वारस्य उरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हो ची मिन्ह शहरातील एका खासगी आश्रमात मुलांना मारहाण होत असल्याचे तेथील एका दैनिकाने उघडकीस आणले. मंजूर संख्येपेक्षा कितीतरी अधिक मुले तेथे ठेवली होती आणि दानशूरांचा ओघ सुरूच होता. आश्रम बंद करून मुलांना हलवण्यात आले व चालकावर कारवाई झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कुटुंबातील संगोपनाला प्राधान्य दिले असून २०१९ च्या ठरावात अनाथालय-पर्यटनाविरुद्ध इशारा दिला आहे.

तिसरा प्रश्न मुलाच्या प्रतिष्ठेचा. व्हिएतनामच्या २०१६ च्या कायद्यानुसार सात वर्षांवरील मुलाची खासगी माहिती त्याच्या व पालकांच्या संमतीविना प्रसिद्ध करता येत नाही. असे असूनही रडवेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून देणग्या मागण्याची प्रथा संपलेली नाही.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी

अलीकडच्या काळात भारतातून व्हिएतनामला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली आहे आणि त्यांत गोवा-महाराष्ट्रातील कुटुंबेही आहेत. रात्री बाजारपेठेत च्युइंगगम विकणाऱ्या मुलाकडून वस्तू घेतल्यास ते मूल दुसऱ्या दिवशीही रात्रीच बाहेर पडते, हे ध्यानात ठेवावे. अनाथालयाला अचानक भेट देऊन मुलांसोबत छायाचित्रे काढणे टाळावे. धोक्यातील मूल दिसल्यास १११ क्रमांकावर कळवता येते.

नियमित मदत करावयाची असल्यास काही प्रश्न आधी विचारावेत. संस्था व्हिएतनाममध्ये नोंदणीकृत आहे का? मूल कुटुंबात राहते की संस्थेत? प्रायोजकाने मध्येच पैसे थांबवले, तर मुलाचे शिक्षण कोण पुढे चालवते? मदत बारावीपर्यंत किंवा व्यवसायशिक्षणापर्यंत टिकते का? वार्षिक लेखापरीक्षण प्रसिद्ध होते का? मुलाशी थेट संपर्काचे नियम कोणते? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेले बरे.

भारतातून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेचा मार्ग आहे. निवासी व्यक्तीला तिच्याखाली एका आर्थिक वर्षात सर्व प्रयोजने मिळून अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीचाही समावेश होतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखालील सवलत मिळत नाही.

प्रायोजकत्व शासनाची जागा घेऊ शकत नाही. शाळा, शिक्षक आणि शुल्कमाफी ही शासनाचीच कामे आहेत आणि व्हिएतनामने त्यांतील मोठा पल्ला स्वबळावर गाठला आहे. गावाची वर्गवारी बदलल्याने बंद झालेला तांदूळ, दहावीच्या उंबरठ्यावर थांबलेली मुलगी, सोळाव्या वर्षी कायद्याच्या कक्षेबाहेर पडलेला मुलगा अशा उरलेल्या फटी मात्र खासगी मदतीने बुजवता येतात. त्यासाठी मदत मोठी असण्यापेक्षा ती तीन-चार वर्षे अखंड मिळणे अधिक आवश्यक असते.